पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणी द्यावे?

पारनेर तालुक्यात पाऊस बेभरवशाचा, शेती बहुतांशी कोरडवाहू, आणि म्हणूनच दुभत्या जनावरांवर असंख्य कुटुंबांचा प्रपंच चालत आलेला आहे. अशा तालुक्यातील एखाद्या महिला बचतगटाने डेअरीला दूध घालण्याऐवजी त्याचा खवा आटवून पेढा करावा आणि तो पाव किलोच्या डब्यांत भरून सुप्याच्या व नगरच्या बाजारात विकावा असे मनात आणले, तर त्या उद्योगाचे स्वागतच व्हावयास हवे. परंतु भट्टी पेटवण्यापूर्वी त्या भगिनींना जो अगदी पहिला प्रश्न पडतो, की आम्हांला परवाने तरी कोणकोणते लागतील, त्याचे समग्र आणि जबाबदारीचे उत्तर तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही कचेरीतून मिळत नाही.

अन्नसुरक्षेच्या 2011 च्या विनियमांनी लहान उत्पादकास वर्षाकाठी 100 रुपये शुल्काची नोंदणी पुरेशी मानली; उलाढाल 12 लाखांच्या पुढे गेली की परवाना मागितला. तराजूवर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का हवा. डब्यावर निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, करांसह किंमत आणि ग्राहकाला तक्रार करता येईल असा पत्ता हवा. शिवाय डबाबंद मालाची नोंदणी त्याच विभागाकडे निराळी करावयाची. भट्टीची शेड गावठाणाबाहेरच्या शेतात असेल, तर 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे अकृषिक वापराचा प्रश्न उपस्थित होतो. यांतील एकही अट मला निरर्थक वाटत नाही. भेसळ आणि खोटे माप यांपासून गिऱ्हाइकाला संरक्षण मिळालेच पाहिजे. दोष इतकाच, की प्रत्येक खाते आपल्यापुरते बोलते, आणि या सर्वांची बेरीज मांडून देण्याचे काम कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटाकडे जाते. तो सांगेल ती यादी आणि मागेल ती रक्कम. त्याच्या यादीतून एखादी नोंदणी सुटली, तर ती सुटल्याचे तपासणीच्या दिवशी, नोटीस हाती पडल्यावर कळते.

माहितीच्या अधिकारासाठी ज्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी आंदोलन उभारले, ते याच तालुक्यातले गाव. त्या लढ्यातून 2002 चा राज्याचा कायदा आला, पुढे 2005 चा केंद्रीय कायदा झाला, आणि त्याच्या कलम 4 ने प्रत्येक कचेरीस आपल्या कारभाराची माहिती स्वतः होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. तथापि तेही ज्या त्या कचेरीपुरतेच. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत, अधिकाऱ्याला नाव आणि नागरिकाला अपील दिले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण ती मुदत अर्ज दाखल झाल्यापासून चालू होते, आणि कशासाठी अर्ज करावयाचा हेच ज्याला ठाऊक नाही तो इसम या हक्काच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. मुंबईत उद्योगांना परवान्यांसाठी साहाय्य करणारा राज्य सरकारचा ‘मैत्री’ कक्ष आहे, परंतु त्याची दृष्टी मुख्यतः मोठ्या गुंतवणूकदाराकडे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या जपानी कंपनीच्या दिमतीला सल्लागार असतात. खव्याच्या भट्टीवर बसणाऱ्या बाईजवळ कोण असते?

म्हणून माझे म्हणणे असे, की धंदा, जागा, माणसे, विजेचा वापर आणि अंदाजे उलाढाल यांचा एक पानी तपशील तहसील कचेरीत दिल्यावर, लागणाऱ्या परवान्यांची, कायद्याचे कलम, शुल्क व कचेरी यांच्यासह, सही-शिक्क्याची यादी पंधरा दिवसांत देणे, हीच एक लोकसेवा म्हणून अधिसूचित व्हावी. आणि त्या यादीप्रमाणे वागलेल्याकडे काही उणे आढळले, तर दंडाआधी पूर्ततेची लेखी मुदत मिळावी. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 32 मध्ये सुधारणा-नोटिशीची तरतूद आहेच. एवढी जोखीम घेऊन अधिकारी सही करणार नाहीत, असा आक्षेप येईल. परंतु ज्याला त्या विषयाचे वेतन मिळते आणि ज्याच्या कपाटात सारे शासननिर्णय आहेत, त्यालाच जर यादी पुरी आहे असे छातीवर हात ठेवून सांगता येत नसेल, तर ती न चुकता पाळली नाही म्हणून त्या बाईला दंड कोणत्या न्यायाने करावयाचा, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे.