ट्रॅक्टरचें ढिलें स्टीअरिंग

मृग लागला, कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत दोन कामांची एकच धांदल उडते: पऱ्हे टाकण्याची आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्याची. पहिल्या कामाचे जाणते घरोघरीं आहेत. दुसरें मात्र सर्वस्वीं मिस्तरीच्या हवालीं होतें, आणि तो काय करतो हें पाहावयास घरांतील शिकलेलें माणूस क्वचितच उभें राहतें. म्हणून या महिन्यांत या रूक्ष विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. नव्या गाड्यांतून तेलाच्या दाबानें चालणारें स्टीअरिंग आलें आहे. आमचें बोलणें जुन्या, केवळ मनगटाच्या बळावर वळणाऱ्या ट्रॅक्टरविषयीं आहे. असे ट्रॅक्टर आमच्याकडे अद्याप पुष्कळ आहेत.

इतर प्रांतांतील ट्रॅक्टर धूळ खातो. आमचा चिखल पितो. धानाच्या बांधींत चिखलणी करतांना पुढचीं चाकें गुडघाभर राड्यांत बुडालेलीं असतात, आणि वळणाचे सारे सांधे त्याच राड्यांत काम करीत असतात. हातांतील चाक फिरलें, कीं खालच्या पेटींतील दांते फिरतात; पेटीबाहेरचा हात पुढेंमागें होतो; तो एका लांब दांड्यास ढकलतो; दांडा पुढच्या चाकाची उभी खीळ, म्हणजे किंग पिन, वळवितो; आणि टाय रॉड दुसऱ्या चाकास बरोबर घेऊन जातो. दांड्यांच्या टोंकांस बॉल जॉइंट, किंग पिनाभोंवतीं बुश. प्रत्येक सांधा केसभर झिजला, तरी सर्वांची बेरीज चालकाच्या हातीं येते. बर्फाच्या मुलखांत चाकांऐवजीं स्कीवर धांवणारी स्नोमोबाइल नांवाची गाडी असते. गुलमर्गला गेलेल्यांनीं ती पाहिली असेल. तिच्याहि स्की अशाच दांड्यांनीं आणि गोळ्यांच्या सांध्यांनीं वळतात व अशाच ढिल्या पडतात.

लाखनीच्या बाजूस आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. चौघां भावांची शेती एक, ट्रॅक्टर एक. आणि तो चौघांचा म्हणूनच कोणाचाहि नव्हे. चालकानें फाल्गुनांतच सांगितलें होतें, "हँडल खेळते जी, मालक." थोरल्यानें तें धाकट्यावर ढकललें, धाकट्यानें पुढच्या हंगामावर. आषाढांत रोवणीच्या बाया ट्रॉलींत बसवून आणीत असतां मामा तलावाच्या पाळीवर पुढचीं चाकें एकाएकीं थरथरूं लागलीं. चालकानें गाडी जागच्या जागीं थांबविली, म्हणून निभावलें. उतरून पाहतात तों टाय रॉडच्या टोंकाचा गोळा खोबणींतून अर्धा बाहेर आलेला! एका अंगास पाणी होतें, दुसऱ्या अंगास खोल उतार. ट्रॉलींत माणसें बसवूं नयेत, कायद्यासहि तें संमत नाहीं, हें खरें. पण रोवणीच्या दिवसांत काय चालतें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. आमचें स्पष्ट मत असें आहे, कीं "आज गाडी निघणार नाहीं" असें म्हणण्याचा अधिकार घरच्या कर्त्यानें चालकास द्यावा. ढिलेपणा प्रथम त्याच्याच तळहातास कळतो.

परीक्षा सोपी आहे. चाकें सरळ ठेवून स्टीअरिंग हलकेंच डावें-उजवें हलवावें. चाकें न वळतां परिघावर तें सुमारें दोन इंचांहून अधिक फिरलें, तर कोठें तरी झीज आहे. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत पाहावा. मग एकानें स्टीअरिंग हलवीत राहावें व दुसऱ्यानें पेटीपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर हात ठेवीत जावें. ज्या सांध्याचें एक अंग हलतें पण दुसरें उशिरां हलतें, तो दोषी. पुढें मागच्या चाकांस दगडांची उटी लावून आंस जॅकनें उचलावा, व त्याखालीं भक्कम ठोकळा द्यावाच. नुसत्या जॅकवर विसंबून खालीं शिरणें हें धाडस नव्हे, अविचार होय. चाक वर-खालीं धरून डुलवावें. चाक एकटें डुललें तर बेअरिंग ढिलें. उभी खीळहि बरोबर डुलली तर बुश गेले.

येथें एका लबाडीपासून सावध राहावें. कांहीं मिस्तरी पेटीवरचा स्क्रू आवळून देतात. खेळ नाहींसा झाल्यासारखा वाटतो, पण दांते मध्यभागीं अधिक झिजलेले असतात. मध्यावर नेमका बसविलेला स्क्रू वळणाच्या शेवटीं अडकतो, आणि खरा दोषी सांधा जसाचा तसा राहतो. बॉल जॉइंटास वेल्डिंग करणें तर सर्वथा वर्ज्य. त्याचें रबर फाटलें, आंत रेती गेली, कीं तो बदलावयाचाच. एच. एम. टी.चा पिंजोर येथें १९७१ सालीं सुरू झालेला ट्रॅक्टरचा कारखाना २०१६ सालीं बंद करण्याचें ठरलें, तेव्हां अशा गाड्यांचे भाग शोधून आणावे लागतात; जुना नमुना बरोबर न्यावा.

जुनें टोंक काढतांना आटे मोजून ठेवावेत व नवें तितकेंच बसवावें. कित्येक टाय रॉडांचे एका टोंकाचे आटे उलटे असतात, हेंहि ध्यानीं असावें. पिनच्या आट्यांवर घण घालूं नये. ती ज्या भोंकांत बसते त्याच्या बाजूवर ठोका दिला म्हणजे ती सुटते. बुश लेथवर घडवून घ्यावयाचा तर गनमेटलचाच घ्यावा. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ति मोठी, पण भांड्याचें पितळ या कामीं लवकर झिजतें. बुशाचें भोंक ग्रीसच्या निपलासमोर येतें कीं नाहीं, तें बसवितांना स्वतः पाहावें; तें चुकलें तर वर्षभर भरलेलें ग्रीस आंत पोंचतच नाहीं. चिखलणीच्या दिवसांत रोज सायंकाळीं काळा चिखल बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारावा.

शेवटीं चाकांची जुळणी. दोन्ही टायरांच्या पुढच्या मध्यावर, आंसाच्या उंचीस, खडूची खूण करून अंतर मोजावें. गाडी पुढें ढकलून त्याच खुणा मागें त्याच उंचीस आणून पुन्हां मोजावें. पुढचें माप मागच्याहून किंचित् कमी भरलें पाहिजे. किती, तें पुस्तकांत असतें. मग नट आवळून नवी काटा पिन घालावी; जुनी सरळ करून पुन्हां वापरूं नये. रथाच्या आंसाच्या टोंकाच्या खिळीस संस्कृतांत 'आणि' असा शब्द आहे, तो ऋग्वेदांतहि येतो. इतकी ही चिमुकली वस्तु प्राचीनांच्याहि नजरेंतून सुटली नव्हती. दोन दिवस रिकामी गाडी शेतांत चालवावी, नट पुन्हां एकदां तपासावेत, आणि नंतरच ट्रॉली जोडावी.