जीपमागची ट्रॉली उलार नको

अलीकडे आपल्या भागात एक नवी सोय चांगलीच रुळली आहे. ट्रॅक्टर घरी नसतो, पण दारात बोलेरो किंवा तिच्यासारखी लहान जीप असते. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून तिला मागे हुक बसवून घ्यायचा, दोन चाकांची छोटी ट्रॉली अडकवायची, आणि टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, पेंड, नाहीतर पाण्याची टाकी ओढायची. वेळ वाचतो, बाजार गाठता येतो. या सोयीला माझा विरोध नाही. पाच-सात एकरवाल्याने वर्षाकाठी थोडे दिवस चालणाऱ्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे. पण जीपमागची ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे धाकटे भावंड, अशा समजुतीने लोक ती पळवतात आणि तिथेच घात होतो.

ट्रॅक्टर मुळात ओढायलाच केलेला. अंगाने जड, चाल पंचवीस-तीसची. जीप माणसे न्यायला केलेली, मागच्या कमानी त्या मानाने नरम आणि चाल साठ-सत्तरची. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारा जोर चौपट होतो. त्यामुळे ट्रॅक्टरमागे खपून जाणारी चूक जीपमागे खपत नाही.

सगळ्यात मोठी चूक भरण्यात होते. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे सांगायला नको. गाडी उलार झाली तर जू वर उचलले जाते, बैलाच्या गळ्याला फास बसतो. फार धुरजड झाली तर बैलाची मान मोडते. म्हणून जुनी माणसे गाडी भरली की जू हाताने उचलून बघत आणि थोडी धुरेकडे जड ठेवत. ही विद्या ट्रॉलीला जशीच्या तशी लागू आहे. आपल्याकडे मात्र मागचे फळके उघडे असते, हमाल मागूनच माल चढवतो आणि जड गोण्या शेवटी दाराशीच राहतात. अशी उलार ट्रॉली तीसच्या वेगाला गुमान चालते. पन्नास-साठला शेपटी हलवायला लागते आणि जीपची मागची बाजूच उचलू पाहते. उताराला तर विचारूच नका.

तेव्हा जड माल चाकाच्या कण्यावर आणि किंचित पुढे, हलका माल मागे, आणि सगळा दोरखंडाने आवळलेला, असा भरावा. भरल्यानंतर हुकावर एकूण वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के भार यावा. ट्रॉली मालासकट सहाशे किलो असेल तर चाळीस ते साठ किलो. मोजायला अवघड काही नाही. ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, दांड्याखाली हुकाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा ठेवून तो गोणी मोजायच्या काट्यावर टेकवावा. दोन-तीनदा मोजले की पुढे हातालाच अंदाज येतो.

किती ओढावे, हा पुढचा प्रश्न. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचे वजन दिलेले असते तेवढेच. दिलेलेच नसेल, तर कंपनीने ती गाडी ट्रॉलीसाठी केलेली नाही असे समजून चालावे, वेल्डिंगवाला काहीही सांगो. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रॉलीला मालासकट ७५० किलोची मर्यादा आहे, आणि ती ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या वर जाऊ द्यायची नाही. आपल्या गावातल्या बहुतेक छोट्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच. आता हिशेब करा. रिकामी ट्रॉली अडीचशे किलो धरली आणि वीस किलो मालाचे पंचवीस क्रेट भरले की तिथेच साडेसातशे झाले. प्लॅस्टिकचे क्रेट, ड्रायव्हर आणि शेजारी बसलेले मामा अजून मोजलेलेच नाहीत.

पाण्याचे तर वेगळेच. हजार लिटर म्हणजे सरळ एक टन. तो ब्रेक नसलेल्या ट्रॉलीवर जीपमागे ओढूच नये. शिवाय अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि ट्रॉलीला तिकडेच ओढते. फवारणीची टाकी रस्त्याने न्यायची तर रिकामी न्यावी आणि पाणी रानात भरावे.

ट्रॉली हलायला लागली की माणूस घाबरून ब्रेक दाबतो किंवा स्टेअरिंग उलटसुलट मारतो. दोन्हीने ती जास्त हलते. स्टेअरिंग सरळ धरावे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. मग गाडी कडेला घेऊन माल पुढे सरकवावा, नुसता चहा पिऊन पुन्हा निघू नये. घाट उतरताना गिअर आधीच खालचा टाकावा, उतार सुरू झाल्यावर नव्हे.

हुकाच्या पिनेबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण डोळ्यांनी दिसते ते लिहिलेच पाहिजे. पिनेच्या जागी बोल्ट, बोल्टाला नट नाही, नटाच्या जागी तार. एका ठिकाणी तर बाभळीची खुंटी पाहिली. पिन जाड पोलादी असावी, तिला खालून क्लिप असावी, आणि दोन्ही बाजूंनी साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन जीपच्या चासीला अडकवलेल्या असाव्यात. पिन निसटली तर दांडा त्या फुलीवर पडतो, जमिनीत रुतत नाही आणि ट्रॉली मोकाट सुटत नाही. साखळीला येणारा खर्च एका फवारणीच्या औषधाइतकाही नाही. ट्रॉली पावसाळाभर उभी होती तर बेअरिंगला ग्रीस आणि चाकांचे नट एकदा बघावेत. मागे लाल दिवे लागत नसतील तर अंधारात निघूच नये. ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांना मागून धडकून किती मोटारसायकलवाले गेले, हे दर हंगामात याच पेपरात छापून येते.

माणसे ट्रॉलीत बसवणे हा तर गुन्हाच म्हटला पाहिजे. खुरपणीच्या बाया, लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची पोरे सर्रास नेली जातात. ट्रॉली उलटली तर विमा कंपनी ट्रॉलीतल्या माणसांचे पैसे द्यायला नकार देते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचतो. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉली हे वेगळे वाहन आहे, तिला नोंदणी लागते. गावठी बनवून घेतलेल्या ट्रॉलीचा कागदच नसतो, मग विमा कुठला? ‘गावातल्या गावात तर न्यायची’ हे उत्तर मला सगळीकडे मिळते. पण गावातल्या गावातच शाळा सुटलेली असते.

यात शेतकऱ्यालाच दोष द्यावा असे मला वाटत नाही. ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर आणि कचऱ्याची ट्रॉली बऱ्याच गावांत बिनदिव्याचीच फिरते. आपली ट्रॉली अशी असताना सरपंचांनी किंवा पोलीस पाटलांनी दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगावे? पुढच्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढा एक विषय घ्यावा : पंचायतीच्या मालकीच्या प्रत्येक ट्रॉलीचे कागद, पिन, साखळी, दिवे आणि मागचे लाल रिफ्लेक्टर. टंचाईचे टँकर मार्चमध्ये सुरू होतात. त्याआधी हे काम एका वेल्डिंगवाल्याच्या दोन दिवसांच्या मजुरीत उरकते.