ओलीची वाट

वर्षाऋतु सरत आला म्हणजे घरोघरीं एक ठराविक तक्रार ऐकूं येऊं लागते. पेटींतल्या शालूस कुबट वास लागला, चामडी वहाणांवर हिरवट लव आली, देवघरामागील भिंतीचे पोपडे सुटले, फडताळांतील ग्रंथांवर पांढरा बुरसा चढला. मग कोणी भिंतीस नवा रंग देतो, कोणी धूप जाळतो, कोणी पेटींत डांबराच्या गोळ्या टाकतो. आणि पुढल्या आषाढांत बुरशी त्याच जागीं पुनः हजर होते. याचें कारण आमच्या मतें एकच आहे. आपण सारे बुरशीशीं लढतों. ओलीची वाट मात्र कोणी शोधीत नाहीं.

बुरशीचे बीजाणू डोळ्यांस न दिसतां वाऱ्यावर सदैव तरंगत असतात. १९२८ सालीं लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेंतील एका बशींत अशीच बुरशी आपण होऊन उगवली व त्यांतून पेनिसिलीनचा शोध लागला, हें सर्वश्रुत आहे. तात्पर्य, बीजाणूंस घरांत येऊं न देणें कोणाच्याही हातीं नाहीं. बुरशीचें अन्न म्हणावें, तर लाकूड, कागद, कापूस, चामडें व धूळ हीं घरांत असावयाचींच. राहिलें पाणी. तेवढें एक आपल्या स्वाधीन आहे, आणि तें मुख्यतः तीन वाटांनीं येतें.

पहिली वाट खालून. वातींतून तेल चढतें तसें जमिनींतील पाणी वीट, जांभा व गिलावा यांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतें. भिंतीच्या तळाशीं ओलसर पट्टा दिसावा व तो वाळल्यावर त्यावर पांढरा क्षार फुलावा, ही याची खूण. अशा भिंतीस अनेकजण सिमेंटाचा गिलावा करवितात. त्यानें ओल थांबत नाहीं; ती आंत कोंडते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेस डोकें काढते. चुन्याच्या गिलाव्यांतून पाण्याची वाफ होऊन तें बाहेर पडूं शकतें, म्हणून जुन्या वाड्यांस चुनाच हितकर. परंतु सर्वांआधीं जोत्याशीं साचणारें पाणी, भिंतीस टेकलेला मातीचा ढीग व मोरीचें फुटकें गटार यांची व्यवस्था लावावी.

दुसरी वाट वरून व बाजूनें. फुटलेलें कौल, तुंबलेली पन्हळ, गच्चीची भेग, भिंतींत पुरलेला गळका नळ हे येथील अपराधी होत. आपल्या बाजूस पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळें पश्चिमेची व दक्षिणेची भिंत झडीचा मार खाते. कोंकणांत अशा भिंतीस नारळीच्या झांपांचा आडोसा बांधीत, तो याचसाठीं. हल्लींच्या इमारतींत झांपा बांधतां येत नाहींत. पण खिडक्यांच्या चौकटींभोवतालच्या भेगा वैशाखांतच बुजवितां येतात. पाऊस लागल्यावर ओल्या भिंतीस कांहींही लावलें तरी तें धरत नाहीं.

तिसरी वाट आंतून, आणि तीच सहसा ध्यानांत येत नाहीं. तीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफरूपानें राहूं शकतें. तीच हवा वीस अंशांपर्यंत निवाली तर तींत जेमतेम १७ ग्रॅम मावतें. उरलेलें पाणी गार भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीमागें दंवासारखें उतरतें. भाताची वाफ, ऊन पाण्याचें स्नान, माजघरांत दोरीवर वाळत घातलेलीं धुणीं, हीं सर्व या पाण्यांत भर घालतात. यास्तव स्वयंपाकघरांत व न्हाणीघरांत हवा बाहेर फेकणारा पंखा असावा. कपाट भिंतीपासून चार बोटें दूर असावें. पाऊस कोसळत असतां खिडक्या सताड उघडून लाभ नाहीं, कारण बाहेरची हवाही ओलीच असते; उघडीप पडतांच त्या उघडाव्या. आर्द्रता दाखविणारें छोटें यंत्र आतां स्वल्प किंमतींत मिळतें. त्यावरील आंकडा साठ टक्क्यांच्या आंत राहील असा यत्न करावा.

ओल भिंतींतून येते कीं हवेंतून, हें ओळखण्याची एक सोपी रीत आहे. संशयित जागीं वीतभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें घट्ट लावून एक दिवस ठेवावा. कागदाच्या मागें पाणी दिसलें तर भिंत ओली. कागदाच्या वर दिसलें तर हवा ओली. मगच गवंड्यास बोलवावें.

उगवलेली बुरशी नुसती मारून भागत नाहीं, कारण मेलेल्या बुरशीची धूळही श्वासास बाधते. ती काढून टाकली पाहिजे. फरशी, कांच, धातु साबणाच्या पाण्यानें घासून कोरड्या कराव्या; सडलेला गिलावा खरवडून टाकावा. ब्लीचिंगचें द्रव्य संडास धुण्याच्या आम्लाशीं कदापि मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. आणि डांबराच्या गोळ्या कसरीसाठीं आहेत. ओलीचें त्यांस कांहींच करतां येत नाहीं.

आतां ज्यासाठीं मुख्यतः आम्ही लेखणी उचलली, तें सांगतों. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथांत, ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणारांस दमा व श्वसनाचे इतर विकार यांचा धोका अधिक असतो, असें स्पष्ट म्हटलें आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत सर्वांत ओली खोली कोणाच्या वांट्यास येते, हें प्रत्येकानें मनाशीं पाहावें. ती बहुधा आजीस मिळते, कारण ‘म्हाताऱ्या माणसास कितीशी जागा लागते?’ किंवा ती बाळंतिणीस मिळते, कारण खोली आडबाजूची व वारा न लागणारी असते. बाहेरची बैठक मात्र दर दिवाळीस रंगते, कारण तेथें पाहुणे बसतात! ज्यांचीं फुप्फुसें सर्वांत नाजूक त्यांस सर्वांत वाईट हवा, हा न्याय कोणत्या स्मृतींत सांगितला आहे? कर्त्या पुरुषानें श्रावणांत आठ दिवस त्या खोलींत आपलें अंथरूण घालून पाहावें. दुरुस्तीचा खर्च टाळण्यासारखा आहे कीं नाहीं, तें त्याचें त्यालाच कळेल. आणि दुरुस्ती लगेच होण्यासारखी नसेल, तर पावसाचे चार महिने तरी खोल्यांची अदलाबदल करावी. त्यास एक पैचाही खर्च येत नाहीं.

जुने लेखक पोथीच्या अखेरीस, तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून हिचें रक्षण करा, अशी विनवणी लिहून ठेवीत. आश्विनांत सरस्वतीपूजनास ग्रंथ बाहेर निघतील, तेव्हां ते प्रथम वाऱ्यास, सावलींत पुरते वाळवावे. मग अंगणांत नेऊन, नाकास फडकें बांधून, मऊ कुंचल्यानें बुरसा झटकावा. आणि फडताळ भिंतीपासून सरकविल्यावांचून ते परत आंत ठेवूं नयेत. त्याच दिवशीं आजीच्या खोलींतील गादी उचलून तिची खालची बाजूही एकवार पाहावी.