आवडीचें काम आणि पोटाचा प्रश्न

महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं पोलीस दलांतील सुमारें १७ हजार जागा भरावयास काढल्या, तेव्हां त्यांसाठीं १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागें शंभर उमेदवार. या शंभरांत शेतकऱ्यांचीं मुलें होतीं, तसेच महागडें शिक्षण घेतलेले पदवीधरहि होते. दिल्लीच्या संघ लोकसेवा आयोगाची २०२३ ची नागरी सेवा परीक्षा घ्या. अर्ज १० लाखांवर, प्रत्यक्ष परीक्षेस बसलेले सुमारें ५ लाख ९२ हजार, आणि शेवटीं शिफारस झालेले १,०१६. हे आंकडे वाचून कोणी चुरशीचें कौतुक करील, कोणी बेकारीबद्दल हळहळेल. आम्हांस त्यांत एक तिसराच प्रश्न दिसतो. या लाखों तरुणांपैकीं तें काम मनापासून आवडतें म्हणून अर्ज करणारे किती, आणि आपणांस दुसरें काय करितां येईल याचा विचार करण्याची संधीच ज्यांस कोणी दिली नाहीं असे किती? पहिल्या प्रकारच्या उमेदवारास आमचा नमस्कार असो. दुसऱ्या प्रकारच्या उमेदवारासाठीं हा लेख आहे, आणि त्याच्या वडिलांसाठीं तर अधिकच.

तरुणास सध्यां दोन तोंडांनीं दोन उपदेश ऐकावयास मिळतात. घरीं वडील म्हणतात, ‘अगोदर कायमची नोकरी धर, मग काय आवडीनिवडी करावयाच्या त्या कर.’ व्यासपीठावरील वक्ता म्हणतो, ‘मन सांगेल तेंच कर, पैसा पाठोपाठ येईल.’ पहिल्या उपदेशांत भीति आहे, दुसऱ्यांत भूल आहे. आणि दोहोंतहि हिशेब नाहीं. ज्या समाजानें ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ ही म्हण केली, त्याच समाजांत आज लग्नाच्या बाजारीं चाकरी उत्तम, व्यापार मध्यम आणि शेती कनिष्ठ ठरली आहे. वडिलांची भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यानें दुष्काळ पाहिला, मंदी पाहिली, त्यास महिन्याच्या पहिल्या तारखेची किंमत कळते. परंतु शंभरांतील नव्याण्णव जणांस जी वस्तु मिळणें गणितानेंच अशक्य आहे, तिला सुरक्षित मार्ग म्हणणें हें शहाणपण कसें? पंचविशीपासून तिशीपर्यंतचीं वर्षें एका परीक्षेच्या दाराशीं उभें राहून घालविणें यासारखा धोक्याचा जुगार दुसरा नाहीं.

उपदेशापेक्षां उदाहरणें बरीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ च्या सुमारास चित्रकार होण्याच्या हौसेनें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस नीट उमगत नाहींत असें आढळल्यामुळें त्यांस रंगकाम सोडावें लागलें. एखादा हळवा तरुण येथेंच कपाळास हात लावून बसला असता. लक्ष्मणरावांनीं यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याचें शिक्षण घेतलें, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची नोकरी धरली आणि यंत्रविद्येचा नाद लावून घेतला. पुढें बढतीची जागा त्यांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हां त्यांनीं नोकरीस रामराम ठोकला. परंतु तोंपर्यंत बंधु रामूअण्णा यांच्यासह बेळगांवांत सायकलींचें दुकान सुरू झालेलें होतें, ही गोष्ट विसरतां कामा नये. सायकलींनंतर कडबा कापण्याचीं यंत्रें आलीं, मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. १९१० मध्यें औंधच्या राजेसाहेबांनीं जागा दिली, तेव्हां कोठें ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्याच सुमारास त्याच कलाशाळेंत धुंडिराज गोविंद फाळके शिकत होते. छायाचित्रण, सरकारी पुराणवस्तु खात्यांतील नोकरी, छापखाना अशीं अनेक वळणें घेत हा मनुष्य चाळिशीस आला, आणि ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहून त्यास आपलें काम सांपडलें. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्यें लंडनला जाऊन विद्या शिकून आले. पत्नी सरस्वतीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि शिवाय फिल्म धुण्याच्या कामांतहि हात घातला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि एका नव्या धंद्याचा पाया घातला गेला. परंतु त्या धंद्यानें फाळक्यांस शेवटपर्यंत पोसलें काय? १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते वारले, तेव्हां चित्रपटाचा व्यवसाय भरभराटींत होता आणि त्याचा जनक विपन्नावस्थेंत होता. १९६९ पासून सरकार त्यांच्या नांवानें पुरस्कार देतें. नांव राहिलें, पैसा राहिला नाहीं.

तिसरें उदाहरण आमच्याच पेशांतलें आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनीं १८८७ मध्यें कायद्याची पदवी घेतली व वकिली केली. गायन उत्तेजक मंडळींत जाऊन संगीत शिकण्याचा क्रम त्याच काळांत चालू होता. पोटाची सोय लागल्यावर त्यांनीं वकिली बाजूस ठेविली, हिंदुस्थानभर फिरून घराण्याघराण्यांत दडलेल्या चिजा गोळा केल्या आणि स्वरलिपींत छापून त्या सर्वांस खुल्या केल्या. १९२६ मध्यें लखनौस निघालेलें संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नांवाचें विद्यापीठ झालें आहे. संगीतासाठीं त्यांनीं जन्म वेंचला, परंतु संगीताच्या डोक्यावर आपल्या जेवणाचा भार घातला नाहीं.

या तिघांचीं चरित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे तीन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, आवड ही वाटेंत पडलेल्या मोहरेप्रमाणें अकस्मात् सांपडत नाहीं. काम करतां करतांच ती जडते. लक्ष्मणरावांनीं अगोदर नांगराचें स्वप्न पाहिलें नव्हतें, आणि फाळके चाळिशीपर्यंत चित्रपटाच्या वाटेस गेले नव्हते. दुसरी ही कीं, आपली आवड आणि लोकांची गरज यांची गांठ पडल्याशिवाय उपजीविका होत नाहीं. लोखंडी नांगर शेतकऱ्यास हवा होता, मात्र आपणांस तो हवा आहे हें कळावयास त्यास दोन वर्षें लागलीं. त्या दोन वर्षांची भाकरी ज्याच्या घरीं आहे तोच टिकतो. तिसरी ही कीं, आवडीचें काम आणि पोटाचें काम हीं एकच असलीं पाहिजेत असा कोठें नियम नाहीं. ज्यास तीं एकत्र करतां येतील त्यानें करावीं. ज्यास येत नाहींत त्यानें भातखंड्यांप्रमाणें दोन्ही वेगळीं ठेवावीं, त्यांत कमीपणा नाहीं.

येथें आमचा एखादा वाचक म्हणेल कीं, हीं उदाहरणें पांढरपेशांचीं आहेत. निवड करण्याची चैन सर्वांस कोठें असते? हा आक्षेप आम्हांस पूर्णपणें मान्य आहे, किंबहुना या प्रश्नाचें मर्मच तेथें आहे. डॉ. आंबेडकर यांनीं १९३६ सालीं लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठीं तयार केलेल्या, परंतु प्रत्यक्षांत न झालेल्या भाषणांत हाच मुद्दा अर्थशास्त्राच्या दृष्टीनें मांडला होता. जातिसंस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि ज्या व्यवस्थेंत धंदा निवडीनें न येतां जन्मानें गळ्यांत पडतो, तेथें मनुष्याचें मन व बुद्धि कामांत उतरत नाहींत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होय. ज्यास आपण तरुणांचा आळस म्हणतों, त्यांतील पुष्कळसा भाग या जुन्या सक्तीचा वारसा आहे. चांभाराच्या मुलानें चामडें सोडून कचेरींतील खुर्ची इच्छिली तर त्यांत खुर्चीचा मोह थोडा आणि मानाची भूक फार असते. ती भूक कोणीं लावली, हें आपण आपल्याशीं विचारावें.

केंद्र सरकारनें १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू केलेली विश्वकर्मा योजना या दृष्टीनें तपासण्यासारखी आहे. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी इत्यादि १८ धंद्यांतील कारागिरांस शिकतांना दिवसाचे ५०० रुपये, हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानें विनातारण कर्ज ही तिची तरतूद चांगली आहे. परंतु कुटुंबांत परंपरेनें चालत आलेल्या धंद्यावर तिचा भर असल्यामुळें जन्माचाच धंदा पुन्हां पक्का होईल, असा आक्षेप घेऊन तामिळनाडू सरकारनें २०२४ मध्यें ती आहे त्या रूपांत स्वीकारण्यास नकार दिला. त्या सरकारचें राजकारण बाजूस ठेवलें तरी आक्षेपांत तथ्य आहे. लोहाराच्या मुलास लोहारकाम आवडत असेल तर त्यास भांडवल मिळालेंच पाहिजे. परंतु जोशांच्या मुलीस लोहारकाम आणि लोहाराच्या मुलास ज्योतिर्गणित शिकावेंसें वाटलें तर त्यांनाहि तितक्याच सहज तें मिळालें पाहिजे. ज्या दिवशीं अशी उलटापालट पाहून गांवांत कोणी मान वळविणार नाहीं, त्या दिवशीं आवड हा शब्द या देशांत खरा होईल.

मुलीचें नांव घेतलें आहे, तर तिचेंहि स्पष्ट बोलूं. सरस्वतीबाईंनीं जें केलें तें पतीच्या आवडीसाठीं केलें, आणि त्याबद्दल आपण त्यांस धन्य म्हणतों. परंतु आपल्या पत्नीच्या आवडीसाठीं स्वतःचा विमा गहाण ठेवणारा पति किती घरीं सांपडेल? मुलास ‘काय होणार?’ असें आपण विचारतों आणि मुलीस ‘कोठें देणार?’ असें. हा फरक जोंवर घरांत आहे, तोंवर तारुण्याच्या अर्ध्या भांडवलास कुलूप लागलेलें आहे, आणि व्यापारी लोकांस कुलुपांत पडलेल्या भांडवलाचा तोटा आम्हीं समजावून सांगावा असें नाहीं.

आतां धनिकांविषयीं. ‘काम आवडतें ना? मग पैशाचें काय एवढें!’ हें वाक्य हल्लीं फार सोईचें झालें आहे. चित्रकार, गायक, शिक्षक, लेखक, यांच्या आवडीलाच त्यांच्या मजुरींतून वजा करण्याची ही रीत आहे. वृत्तपत्राचा धंदाहि या दोषापासून मुक्त नाहीं, हें आम्ही लाजेनें कबूल करतों. आवड ही काम करणाराची मिळकत आहे; तिच्या बदल्यांत मालकास सूट मिळत नाहीं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा सध्यांच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेस अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार ठेवण्यास व त्यांस विद्यावेतन देण्यास बांधतो. चार माणसांच्या दुकानासहि तसे ठेवण्याची मुभा आहे. आमच्या शहरांतील किती व्यापाऱ्यांनीं ही मुभा कधीं उघडून पाहिली आहे?

सरकारच्या माथींहि दोष आहे. २५ ऑगस्ट २०२४ रोजीं ठेवलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा बँकेच्या परीक्षेच्याच दिवशीं आली, पुण्यांत विद्यार्थी रस्त्यावर बसले, आणि ती परीक्षा शेवटीं १ डिसेंबरला झाली. तारीख एकदां चुकली कीं खोलीचें भाडें, खानावळ आणि वय हीं तिन्ही मात्र चालूच राहतात. त्याच वर्षीं निघालेल्या मुख्यमंत्र्यांच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेंत शिक्षणाप्रमाणें महिना ६, ८ व १० हजार रुपये देऊन सहा महिने कामाचा अनुभव देण्याचें ठरलें. कल्पना योग्य होती. परंतु मुदत सरतांच ‘आम्हांस कायम करा’ अशी मागणी उठली. यांत तरुणांस हंसण्यासारखें कांहीं नाहीं. सरकारी कचेरींत कागद लावण्याचा अनुभव दुसऱ्या सरकारी कचेरीशिवाय कोठें उपयोगीं पडणार? तोच पैसा गॅरेज, छापखाने, शेतीमालाचीं गुदामें, लहान कारखाने यांतील शिक्षणाकडे अधिक वळला असता, तर मुदतीनंतर हातांत विद्या राहिली असती.

आम्ही तरुणांस एवढेंच सांगतों. एखादें काम आवडतें असें वाटलें, तर आपणांस तीन प्रश्न विचारा. या कामांतील कंटाळवाणा भाग रोज करावयास मी तयार आहें काय? या कामाचा पैसा देणारें गिऱ्हाईक कोण, आणि तें कोठें राहतें? आणि गिऱ्हाईक येईपर्यंत किती महिन्यांचें धान्य घरांत आहे? तिन्हींचीं उत्तरें कागदावर लिहितां आलीं, तर खुशाल नोकरी सोडा. येत नसतील, तर नोकरी ठेवा आणि संध्याकाळ त्या कामास द्या; एक दिवस उत्तरें येतील. परीक्षेस बसावयाचें तर जरूर बसा, परंतु वर्षांची मर्यादा अगोदर ठरवा आणि त्या काळांतच दुसरी एखादी विद्या हातास लावून घ्या.

आणि वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. येत्या सुट्टींत आपल्या मुलास किंवा मुलीस ओळखीच्या दोन कारखान्यांत, एका दुकानांत आणि एका शेतावर एकेक आठवडा काम करावयास पाठवा. ज्यांचें दुकान आहे त्यांनीं परक्या घरचा, परक्या जातीचा एक तरी शिकाऊ उमेदवार वेतन देऊन ठेवावा. यास सरकारचा हुकूम लागत नाहीं, सभा लागत नाहीं, वर्गणीहि लागत नाहीं. पोलीस दलास १७ हजार माणसें हवीं होतीं, तीं मिळालीं. उरलेल्या लाखों तरुणांस कोणाची गरज आहे, हें त्यांस दाखवून देण्याचें काम आपलें आहे.