नाव, गाव, पत्ता... गेम ओव्हर!

आमच्या ऑफिसातली एक सीनियर अकाउंटंट दर शुक्रवारी रात्री साडेअकराला 'काळंमांजर' होते. दिवसभर जीएसटीच्या फायली, रात्री कानाला हेडफोन आणि हातात बंदूक. गेममधलीच हो! असलं नाव का घेतलंस, म्हणून एकदा कँटीनमध्ये विचारलं. म्हणाली, "अरे, आधी माझंच नाव टाकलं होतं. अर्ध्या तासात तिघांनी विचारलं, लग्न झालंय का? एकाने तर इन्स्टावर शोधून काढलं मला. मांजराच्या लग्नाची चौकशी कोणी करत नाही."

आता समजा, उद्या गेमवाल्या कंपनीने फर्मान काढलं की, मांजर-बिंजर चालणार नाही, आधार कार्डावरचं नाव लावा, मगच तोंड उघडा. तर?

हसू नका. हे थोड्याफार फरकाने घडलेलं आहे. साल 2010. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम तेव्हा एकदम फॉर्मात होता. एक कोटीहून जास्त लोक पैसे भरून तो खेळत होते. त्याची कंपनी ब्लिझार्ड. तिच्या फोरमवर खेळाडू टिप्स द्यायचे, तक्रारी करायचे आणि अर्थातच कचाकचा भांडायचे. शिवीगाळ वाढली म्हणून 6 जुलैला कंपनीने जाहीर केलं, की यापुढे फोरमवर लिहिणाऱ्याचं खरं नाव आणि आडनाव दिसेल. फंडा साधा होता. नाव उघड झालं की माणूस जपून बोलेल.

खेळाडू असे काही खवळले की विचारू नका! निषेधाच्या हजारो पोस्ट पडल्या. अशात कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने, "घाबरण्यासारखं काय आहे त्यात?" हे दाखवायला स्वतःचं खरं नाव तिथे टाकलं. बिचारा! थोड्याच वेळात त्याचा म्हणून फोन नंबर, पत्ता, घरच्यांची माहिती असं सगळं चव्हाट्यावर आलं. खेळाडूंना जे सांगायचं होतं, ते त्या एका प्रयोगाने सांगून टाकलं. 9 जुलैला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांत, कंपनीचे प्रमुख माइक मोरहाइम यांनी निर्णय मागे घेतला.

खरी गंमत तर पुढे आहे. काही खेळाडूंनी या प्रकाराची तक्रार अमेरिकेतल्या ईएसआरबी या गेम्सना रेटिंग देणाऱ्या संस्थेकडे केली होती. संस्थेने उत्तर पाठवलं आणि त्या एकाच मेलमध्ये सुमारे हजार तक्रारदारांचे ईमेल पत्ते एकमेकांना दिसले! आमची माहिती उघड करू नका, असं सांगायला गेलेल्यांचीच माहिती उघड झाली. आता बोला!

तुम्ही म्हणाल, बॉस, ज्याने काही वाईट केलं नाही त्याने नाव का लपवावं? प्रश्न बरोबर आहे, पण नाव प्रत्येकाला सारखं महाग पडत नाही. पाटील, जोशी, शिंदे असाल तर गर्दीत आरामात हरवून जाल. आडनाव जगावेगळं असेल तर पहिल्याच सर्चमध्ये घर सापडतं. पहिल्या नावावरून मुलगी आहे हे कळतं, धर्म कळतो. आणि आपल्याकडे आडनाव म्हणजे तर अख्खी कुंडली. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न कशासाठी असतो, ते भाड्याने फ्लॅट शोधलेल्या कित्येकांना चांगलंच माहीत आहे. जिथे तुमचा फक्त नेम बघितला जातो, अशी एखादी जागा हवी की नको? उद्या इंटरव्ह्यूला गेलात आणि एचआरने तुमचं नाव सर्चमध्ये टाकलं, तर तुमची डिग्री आधी दिसावी की ड्रॅगन मारण्यावरून मध्यरात्री घातलेला वाद?

बरं, खऱ्या नावाने माणूस सुधारतो तरी का? आपापल्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. तिथे सगळे खऱ्या नावाने, फ्लॅट नंबरासकट हजर असतात. पार्किंगचा विषय काढून बघा फक्त!

हा प्रयोग एका अख्ख्या देशानेही करून पाहिलाय. दक्षिण कोरिया म्हणजे ऑनलाइन गेमिंगची पंढरी. तिथे 2007 मध्ये मोठ्या वेबसाइट्सना, कमेंट टाकणाऱ्याची खरी ओळख तपासून घेणं कायद्याने सक्तीचं झालं. नाव सगळ्यांना दिसत नव्हतं, पण वेबसाइटच्या दप्तरी जमा होत होतं. 2011 मध्ये तिथल्या एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि साधारण साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्या किती? जेमतेम पाच कोटी. ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने ही सक्ती रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं असं, की यामुळे बेकायदा पोस्ट कमी झाल्याचं दिसत नाही, लोक मात्र परदेशी साइट्सकडे वळले.

म्हणजे टवाळखोरांना मोकळं रान द्यायचं? मुळीच नाही. त्रास देणारे आहेत आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण कंपनीला नाव माहीत असणं वेगळं आणि ते जगापुढे टांगणं वेगळं. महिन्याचे पैसे कार्डावरून कापले जात असतील, तर तुम्ही कोण हे कंपनीला ठाऊकच असतं. गुन्हा घडला तर पोलीस रीतसर मागवून घेतील. बाकीच्यांना तो पत्ता कशाला? रोजच्या वागण्यासाठी एक कायमचं टोपणनाव पुरे. घाण केली की त्याच नावावर बंदी येणार, वर्षानुवर्षं कमावलेली लेव्हल आणि इज्जत एका झटक्यात जाणार. भीती वाटायला तेवढं बास आहे! ब्लिझार्डही शेवटी तिकडेच वळली. डिसेंबर 2011 मध्ये तिने 'बॅटलटॅग' जाहीर केला. खेळाडूने स्वतः निवडलेलं, सगळीकडे चालणारं टोपणनाव.

आणि टोपणनाव म्हणजे पळपुटेपणा, असं आपण मराठी माणसांनी तर म्हणूच नये. वि. वा. शिरवाडकरांनी कविता 'कुसुमाग्रज' होऊन लिहिली. जयवंत दळवींनी 'ठणठणपाळ' होऊन भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवली. त्या नावांना वजन आलं ते लिहिण्यामुळे, जन्मदाखल्यामुळे नाही.

आमचं मांजर गेली तीन वर्षं त्याच नावाने खेळतंय. टीममधल्या कुणालाही तिचं आडनाव माहीत नाही. पण ती मागे असली की पाठीत गोळी बसत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. ओळख म्हणतात ती आणखी काय असते?

तेव्हा या शुक्रवारी ती कुठे भेटलीच, तर नाव-गाव विचारत बसू नका. कव्हर द्या!