आजारपण दोनशे जणांना, हिशोब तिघांना

जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही वाचा. हाच प्रकार तुमच्या ट्रस्टमध्ये आणि पतसंस्थेतही चालतो.

थेट सांगतो. आपल्या मंडळ्यांमध्ये ईमेल पाठवायची जी पद्धत पडली आहे, तिनं माणसं दुखावली जातायत. ती पद्धत कमिटीनं ठराव करून मोडली पाहिजे. "हळूहळू सुधारेल" म्हणून सोडून द्यायचं हे काम नाही.

गेल्या महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका मंडळीत प्रार्थना विनंतीचा मेल गेला. मंडळीचं नाव घेत नाही. मेलमध्ये एका भगिनीचं नाव, वय, दवाखाना, कसली तपासणी झाली, काय निघालं, सगळं होतं. खाली रिपोर्टचा फोटोसुद्धा. दोनशेच्या वर पत्ते, सगळे 'टू'मध्ये, सगळ्यांना दिसतील असे. त्या बाईंनी हे फक्त पाळकसाहेबांच्या कानावर घातलं होतं. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलीला आईचा आजार कळला तो ऑफिसात, हा मेल उघडल्यावर.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता, मान्य. पण प्रार्थनेला रिपोर्ट लागतो का हो? "आपल्या एका भगिनीची प्रकृती ठीक नाही, तिची आठवण ठेवा" एवढ्यावर देवाला कळत नाही का? देवाला कळतं. बाकीचं आपल्याला हवं असतं, बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर दारात उभं राहून बोलायला.

दुसरं, तालुक्याच्या गावात ईमेल म्हणजे बंद पाकीट नसतं. कित्येक घरांत एकच जीमेल खातं, तेही मुलाच्या फोनवर. आजोबांना आलेला मेल नातू वाचून दाखवतो, सून चहा देता देता ऐकते. कुणी ऑफिसचाच पत्ता दिलेला असतो. 'खाजगी' असं वर लिहून दोनशे घरांत पाठवलेलं पत्र खाजगी कसं राहील?

आणि दोनशे पत्त्यांची यादी एकदा उघडी पडली की ती कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. अमेरिकेत पाळकांच्या नावानं खोटे मेल करून सभासदांकडून गिफ्ट कार्डं उकळायचे प्रकार इतके झाले, की २०१९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला जाहीर इशारा द्यावा लागला. "मी अडचणीत आहे, ताबडतोब मदत करा, कुणाला सांगू नका" असा मेल पाळकांच्या नावानं आला, तर आपल्याकडचे किती सेवानिवृत्त मास्तर नाही म्हणतील? म्हणून 'बीसीसी' वापरा. त्यात टाकलेले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत. फुकट आहे, एका क्लिकचं काम आहे.

आता भांडणांकडे येतो. पाळकांची बदली, मिशन कंपाउंडची जागा, नाताळच्या खर्चाची पावती. एक जण दुसऱ्याला मेल लिहितो आणि 'सीसी'मध्ये सगळी कमिटी, धर्मप्रांताचं ऑफिस, वर माझ्यासारखा पत्रकार. मग 'रिप्लाय ऑल'. रात्री अकराला सुरू झालेलं भांडण पहाटेपर्यंत बापजाद्यांवर जातं. रविवारी तीच माणसं एका बाकावर, एकाच गीतपुस्तकातून गातात.

मत्तयाचा अठरावा अध्याय आपल्या सगळ्यांना पाठ आहे. भावानं अपराध केला तर आधी एकटं जाऊन त्याच्याशी बोल. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घे. तरी नाही, तर मग मंडळीला सांग. आपण पायऱ्या उलट्या लावल्या. आधी मंडळीला, मग बिशपसाहेबांना, मग पत्रकाराला. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी कधीच नाही, आणि त्याचं घर चार गल्ल्या सोडून असतं!

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पारदर्शकता नको का?" हवी. मी पत्रकार आहे, मला तर पाहिजेच. पण पारदर्शकता पैशाची असते, पोटातल्या गाठीची नसते. आपल्याकडे बरोबर उलटं चाललंय. बाईचा रिपोर्ट दोनशे जणांना जातो आणि ऑडिट रिपोर्ट पाळक, सेक्रेटरी, खजिनदार या तिघांपलीकडे जात नाही. कापणीच्या सणाला किती जमलं, भाडेकरूंकडून किती आलं, हे विचारलं की "मेलवर पाठवता येत नाही, ऑफिसात या". आणि ऑफिसला कुलूप.

१८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झालं. छापून वाटायचं म्हटलं की मजकुरावर आधी संपादकाची नजर फिरते. मेलला संपादक नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. त्यानंतर तो तुमचा राहत नाही.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत एवढं मांडा. सामूहिक मेल एकाच जबाबदार माणसानं पाठवायचा, आणि तो बीसीसीमध्येच. ज्याचं नाव, त्याची परवानगी घेतल्याशिवाय आजाराचा शब्द लिहायचा नाही, आणि रिपोर्ट तर कधीच जोडायचा नाही. भांडणाचं मेलवर नको, घरी जाऊन बोला. ज्यांच्याकडे ईमेल नाही, त्या म्हाताऱ्या माणसांसाठी सूचना उपासनेत वाचा आणि फळ्यावर लावा. आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सगळ्या सभासदांना पाठवा. तो खुशाल पाठवा, अटॅचमेंटसकट.

कमिटी नाही म्हणाली, तर का नाही म्हणाली ते इतिवृत्तात लिहून घ्या.

कमेंटमध्ये लिहा, भांडा, मला शिव्या द्या. पण "ती बाई कोण" हे कुणी विचारलं तर कमेंट उडवीन.