नात्याच्या रकान्यात काय लिहायचे?

बँकेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर लोक दोनच कारणांसाठी येतात. एक, मुदतठेवीला सध्या कुठे जास्त व्याज मिळते. आणि दुसरे, अमुक फॉर्म कसा भरायचा. मी कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. पण आमच्या वाकडच्या सोसायटीत त्याबद्दल विचारायला अद्याप कोणी आलेले नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी समोरच्या इमारतीतला तरुण आला, तोही फॉर्म घेऊनच.

हिंजवडीत नोकरी, मूळचा नगरकडचा, तीन पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती घर. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. मुलाचा गळा गोड. नाताळात सोसायटीच्या अंगणात त्याने म्हटलेली गीते आम्ही सगळ्यांनी कौतुकाने ऐकली आहेत. (त्याची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलूनच हे लिहितो आहे.)

फॉर्म नॉमिनेशनचा होता. नाव लिहून झाले होते, पत्ता त्याचाच होता. ‘नाते’ या रकान्यापाशी मात्र पेन अडले होते.

‘‘काका, इथे ‘मित्र’ लिहिलं तर चालेल?’’

‘‘न चालायला काय झालं?’’ मी म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘चालेल हो. पण खरं नाही ते.’’

आम्ही सात वर्षे त्या दोन मुलांना एकत्र राहताना पाहतो आहोत. दोघे मिळून भाजी आणतात, एकाला ताप आला तर दुसरा रजा काढतो. आमच्या डोळ्यांसमोर जे होते ते आम्हाला दिसले नव्हते, की दिसूनही आम्ही नाव घेत नव्हतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

बँकेपुरते उत्तर सोपे होते. रिझर्व्ह बँकेने आणि केंद्रीय अर्थखात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्टच कळवले आहे, की अशा जोडप्यांना संयुक्त खाते उघडण्यास किंवा एकमेकांना नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तेव्हा इच्छापत्र वेगळे कर, हेही मी सांगितले. मग उगाच बोलून गेलो, ‘‘तुमच्या धर्मात तर हे मुळीच चालत नसेल. चर्च सोडलंस का?’’

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले. ‘‘चर्च कशाला सोडू? रोज प्रार्थना करतो मी.’’

माझा अंदाज चुकला तो इथे. असा माणूस धर्मावर चिडून बाहेर पडणार, किंवा धर्मासाठी स्वतःचे मन मारणार, असे आपण गृहीत धरतो. हा दोन्ही करत नव्हता. चौदाव्या वर्षापासून पुढे दहा वर्षे त्याने एकच मागणे मागितले होते : देवा, मला बदल. उपास केले. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्यांकडे गेला. लग्न ठरत आले, तेव्हा एका मुलीचे आयुष्य नासेल या भीतीने स्वतःच मोडले. ‘‘देव ऐकत नव्हता असं नाही, काका. मीच चुकीचं मागत होतो,’’ तो म्हणाला.

बदलण्याच्या या उपायांचा हिशेब जगात एकदा मांडून झाला आहे. अमेरिकेत १९७६ साली निघालेली ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही ख्रिस्ती संस्था समलिंगी माणसांना प्रार्थनेने बदलण्याचे काम करी. २०१३ साली तिच्या प्रमुखांनी झालेल्या यातनांबद्दल जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी असणे १९९० सालीच रोगांच्या यादीतून काढले होते. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असले ‘उपचार’ थांबवण्याचे निर्देश दिले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले. तरीही घरोघरी तीच धडपड चालते; कारण डॉक्टर काय म्हणतात यापेक्षा मंडळीत लोक काय म्हणतील, याची धास्ती आईबापांना अधिक असते.

कायद्याचे म्हणाल, तर त्याची वाट वाकडीतिकडी आहे. ३७७ हे कलम १८६० साली इंग्रजांनी आणले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा आवळले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कायमचे दूर केले. त्या खटल्यात कलम राहावे म्हणून काही ख्रिस्ती संघटना न्यायालयात उभ्या होत्या. पण तेवढेच सांगितले तर चित्र अर्धे राहील. डिसेंबर २०१३ मध्ये, कलम पुन्हा लागू झाले तेव्हा, मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी उघडपणे म्हटले होते, की समलिंगी विवाह चर्चला मान्य नाही. मात्र या माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानलेले नाही. विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला आणि तो विषय संसदेकडे सोपवला.

कॅथलिक चर्चची शिकवण या माणसांना आदराने वागवा म्हणून सांगते आणि त्यांच्या शरीरसंबंधाला मात्र पाप म्हणते. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात अशा जोडप्यांना, लग्नविधीचा आभास न होऊ देता, साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना मिळाली. आफ्रिकेतल्या बिशपांनी ती आपल्याकडे लागू करण्यास नकार दिला. प्रोटेस्टंटांत एकमत नाहीच. नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेने मात्र या विषयावर अभ्यास करून पुस्तके काढली आहेत. ख्रिस्ती धर्मशास्त्राची मोठी विद्यालये पुण्यातच, नगर रस्त्यावर आणि बिबवेवाडीत आहेत. म्हणजे विचार करणारी माणसे आपल्या दाराशी आहेत. त्यांचा विचार रविवारच्या उपासनेपर्यंत पोचत नाही, ही खरी अडचण.

तिथे काय होते? आमच्या या मुलाला त्याच्या पाळकांनी बाजूला बोलावले. रागावले नाहीत. उपासनेला अवश्य ये म्हणाले. गायकवृंदात मात्र आता उभा राहू नकोस, आणि प्रभुभोजनाला पुढे येऊ नकोस. तेव्हापासून तो शेवटच्या बाकावर बसतो. भाकर आणि द्राक्षरस घ्यायला रांग उठते, तेव्हा हा बसून राहतो. आपल्या भाषेत सांगायचे तर दार उघडे आहे, पण पंगतीत पाट मांडलेला नाही.

पाळकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांच्यापुढे पवित्र शास्त्रातील वचने आहेत : लेवीयच्या पुस्तकातला निषेध आहे, रोमकरांस लिहिलेल्या पत्रातले पौलाचे कठोर शब्द आहेत. त्यांना ते प्रामाणिकपणे मानतात. पण हा मुलगा शास्त्र त्यांच्याइतकेच वाचतो. त्याने मला ‘प्रेषितांची कृत्ये’मधला आठवा अध्याय दाखवला. कूशी दरबारातला एक षंढ अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत चालला आहे. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. वाटेत पाणी दिसताच तो फिलिप्पाला विचारतो, की बाप्तिस्मा घ्यायला मला अडचण कसली? फिलिप्प नियम सांगत बसत नाही. त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो. ‘‘ही गोष्ट माझ्यासारख्याची नाही हे मला कळतं,’’ मुलगा म्हणाला, ‘‘पण तो प्रश्न माझाच आहे.’’

तीसेक वर्षांपूर्वी वाकड म्हणजे म्हातोबाचे देऊळ, नदीकाठची शेते आणि गावकी. आज इथे रविवारी सकाळी मल्याळी, तमिळ, गोवेकर, नगरकर अशी सगळी उपासनेला निघालेली दिसतात. गावाकडच्या मंडळीत प्रत्येकाचे आजोबा प्रत्येकाला ठाऊक. इथे शेजारचा कोण ते कळायला सात वर्षे लागतात. या अनोळखीपणात अशा मुलांना श्वास घेता येतो. पण श्रद्धा अनोळखीपणात फार काळ राहत नाही. तिला आपली माणसे लागतात. प्रश्न पुन्हा येऊन ठेपतो तो घरापाशी.

गोव्याचे प्रसिद्ध वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांची आठवण यासाठी येते. कॅथलिक घरातला हा माणूस. आपल्या फ्रेंच जोडीदाराशी त्यांनी २००२ साली गोव्यात फ्रेंच कायद्याप्रमाणे सहजीवनाचा करार केला. पुढे पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे अंत्यविधी कोलवाळच्या, म्हणजे स्वतःच्या गावच्या चर्चमध्ये झाले. जे गाव त्यांना ओळखत होते, त्याच गावाने त्यांना निरोप दिला. त्यांनी गोव्यातल्या ‘पोसकें’ मुलांवर पुस्तक लिहिले होते; घरात वाढवलेली, पण घरची म्हणून बरोबरीने न वागवलेली मुले. असा विषय त्यांना दिसावा, यात मला नवल वाटत नाही.

दिवाळीनंतर मुलाची आई नगरहून आली. आमच्याकडे चहाला बसली असताना हिला म्हणाली, ‘‘ताई, माझे आजेसासरे ख्रिस्ती झाले तेव्हा भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. घरात ती गोष्ट अभिमानानं सांगतात. देवाच्या घरात सगळ्यांना जागा असते, असं ते म्हणत. आता पोराला मी कोणत्या तोंडानं मागे बस म्हणू?’’

मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर फाटले. नवराबायको कित्येक वर्षे वेगळी राहिली. १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ती सारी ओढाताण आहे. शास्त्रार्थात हरून त्या टिळकांच्या बाजूला गेल्या नाहीत. भेद माणसांनी केले, देवाने नव्हे, हे त्यांचे त्यांना उमगले आणि त्या कुणाच्याही हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा पुढे १९०० साली. आधी पंगत एक झाली, मग धर्म एक झाला. मराठी ख्रिस्ती समाजाच्या उभारणीतच ही गोष्ट आहे. ज्यांच्या पूर्वजांना श्रद्धेपायी पंगतीतून उठवले गेले, त्यांना शेवटच्या बाकाचा अर्थ दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको.

आणि आपण बाकीच्यांनी यावर समाधानाने माना डोलावू नयेत. आपल्याही घरात ‘मित्र’ म्हणून चालवून घेतलेली नाती आहेत, घाईने उरकलेली लग्ने आहेत आणि त्यात होरपळलेल्या सुना आहेत. चर्चने विवाहाचे काय करावे, संसदेने काय करावे, हे ठरायला वेळ लागेल आणि त्यात मतभेद राहतील. जेवायला कोणाला बसवायचे हे मात्र आजच्या रविवारीही घरात ठरू शकते.

त्या मुलाने नात्याच्या रकान्यात शेवटी ‘जोडीदार’ असे लिहिले. खिडकीवरच्या बाईंनी वाचले, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली. बँकेचे काम झाले. चर्चमधले तसेच आहे. फक्त त्याची आई आता महिन्यातून एकदा नगरहून येते, रविवारी त्याच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसते, आणि प्रभुभोजनाची रांग उठली की तीही उठत नाही.